अकराव्या मजल्यावरचा मेंढपाळ

दोन महिन्यांपूर्वी पाळीव प्राण्यांच्या प्रश्नोत्तरांच्या याच पानावर केसगळतीबद्दल लिहिताना आमच्या टिकलीचा ओझरता उल्लेख केला होता. टिकली म्हणजे बॉर्डर कॉली, मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची जात. काळीपांढरी, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका, वय साडेनऊ. तेवढ्या एका वाक्यावरून कॉली आणि बॉर्डर कॉली पाळणाऱ्यांच्या पत्रांचा असा पाऊस पडला की या वेळचं पान त्यांनाच दिलं आहे. मांजरवाल्यांनी रागावू नये, पुढचा महिना तुमचा.

प्रश्न : डॉक्टर, आमचा मिलो चौदा महिन्यांचा बॉर्डर कॉली. आम्ही बाणेरला अकराव्या मजल्यावर राहतो. सकाळी दीड तास टेकडी, संध्याकाळी तासभर बॉल. तरी घरी आला की पाच वर्षांच्या मुलीभोवती आणि सासूबाईंभोवती घिरट्या सुरू. त्या दोघी वेगवेगळ्या खोल्यांत असल्या की याला चैन पडत नाही. मुलगी पळाली की पोटरी धरतो. परवा फ्रॉक फाटला, थोडं खरचटलं. खाली स्कूटर दिसली की झेप. ट्रेनर म्हणतात, अजून दमवा. नवरा म्हणतो, मुळशीला मित्राच्या शेतावर सोडून येऊ. काय करू?
(एक आई, पुणे)

उत्तर : आधी खरचटल्याचं बोलू. कुत्रा घरचा असो, लस घेतलेला असो, दात लागून कातडी सोलली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तुम्ही दाखवलं की नाही ते पत्रात नाही. दाखवलं नसेल तर हे पान खाली ठेवा आणि आधी जाऊन या.

आता मिलो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य म्हणजे, ‘दोघी वेगवेगळ्या खोल्यांत असल्या की याला चैन पडत नाही.’ बरोबर आहे. त्याच्या दृष्टीने कळप फुटलाय, आणि घरातलं कुणीच ते मनावर घेत नाही.

शिकारी जनावर आधी सावजावर नजर लावतं, मग दबकत जातं, मग धावतं, मग धरतं, मग मारतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या टेकड्यांत मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या पिल्लं निवडताना यातलं आधीचं ठेवलं, चांगलं पोसलं, आणि धरणं-मारणं दाबत नेलं. त्या सीमेलगतच्या नॉर्थम्बरलंडमध्ये १८९३ साली ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेने तो मेंढ्या हलवायचा. आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते. काही जाती जनावरांच्या टाचांना चावे घेत त्यांना पुढे हाकतात. बॉर्डर कॉलीचं काम वेगळं. लांबून वळसा घालून पलीकडे जायचं आणि पांगलेली मेंढरं गोळा करून धन्यापाशी आणायची. तुमच्या सासूबाई आणि नात या त्याच्या दोन मेंढ्या आहेत, आणि दोन मेंढ्या राखणं हे शंभर मेंढ्यांपेक्षा अवघड, असं मेंढपाळच सांगतात. पोटरी धरणं म्हणजे नजरेने काम झालं नाही म्हणून शेवटी केलेली दांडगाई.

‘अजून दमवा’ हा सल्ला मीही ऐकला होता. नुसता ऐकला नाही, दीड वर्ष पाळलासुद्धा, डॉक्टर असून. टिकली लहान असताना रोज शंभर-शंभर वेळा बॉल फेकायचे. माझा खांदा धरला आणि टिकली मात्र मल्ल झाली. दमलेल्या कुत्र्याला झोप लागते हे खरं, पण रोज तास-दीड तास पळणाऱ्या कुत्र्याचा दम वाढत जातो. उद्या त्याला दोन तास लागतात, परवा तीन. शिवाय बॉल म्हणजे काय? नजर, दबकणं, धाव. नजर, दबकणं, धाव. ज्या गोष्टीचा त्रास होतोय त्याचीच रोज साठ वेळा तालीम. संध्याकाळी तुम्ही घरात आणता तो दमलेला कुत्रा नसतो, पेटलेला असतो.

माझे डोळे उघडले ते काही वर्षांपूर्वी, एका एप्रिलमध्ये. भाचीकडे वेल्सला गेले होते. तिच्या ओळखीचा एक म्हातारा मेंढपाळ बाला गावाजवळ राहायचा. याच बालामध्ये १८७३ साली ब्रिटनमधली मेंढपाळ कुत्र्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली होती आणि एका स्कॉटिश माणसाचा ट्वीड नावाचा कुत्रा ती जिंकून गेला होता. गावाला त्याचा अजून अभिमान आहे. दिवस कोकरं जन्मण्याचे होते. मला वाटलं, कुत्रे नुसते पळत असतील. सकाळी सहाला त्याच्या फाटकाशी उभी राहिले. त्याची कुत्री त्या मोडक्या फाटकाखाली चिखलात पसरली होती, हनुवटी जमिनीला टेकवून. तो एकेका मेंढीला उलटी करून खूर बघत होता, ती नुसती बघत होती. मग तो एक शीळ घालायचा. ती गोळीसारखी सुटायची, टेकडीला लांबलचक वळसा मारून मेंढ्या खाली आणायची, आणि पुन्हा फाटकाखाली आडवी. बारा वाजेपर्यंत मी घड्याळ लावून पाहिलं. प्रत्यक्ष धावण्याची बेरीज चाळीस मिनिटंसुद्धा भरली नाही. एकदा मेंढ्या ऐन वळणावर असताना, कुत्री पूर्ण वेगात असताना, तो अगदी घरगुती आवाजात म्हणाला, ‘दॅट’ल डू.’ पुरे. ती जागच्या जागी मेंढ्यांकडे पाठ फिरवून परत आली. तो म्हणाला, पळायला आईच्या पोटातूनच शिकून येतात, मी फक्त हे शिकवतो.

पुण्याला परत आल्यावर कळलं की आमच्या घरात हे शिकवणारं माणूस आधीपासून होतं. सासूबाई पोळ्या करायच्या तेव्हा टिकली ओट्याशी नजर लावून उभी असायची. शेवटची पोळी डब्यात गेली, तवा उतरवला, की त्या हात झटकून म्हणायच्या, ‘पुरे गं बाई आता.’ आणि टिकली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन पसरायची. माझे शंभर हुकूम एका बाजूला आणि ते एक ‘पुरे’ दुसऱ्या बाजूला. कारण त्या रोज, त्याच वेळी, त्याच सुरात म्हणायच्या आणि नंतर खरंच काही द्यायच्या नाहीत. मी ‘पुरे’ म्हणून वर आणखी दोनदा बॉल फेकायची.

तर तुम्ही असं करा. बॉल तीन आठवडे कपाटात. सकाळी टेकडीवर दीड तासाऐवजी एकच तास, पण लांब दोरीवर आणि त्याच्या नाकाच्या चालीने. जिथे हुंगायचं तिथे हुंगू दे, घाई करू नका. संध्याकाळी पंधरा मिनिटं डोक्याचं काम. त्याच्या जेवणातले दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळा, बाल्कनीतल्या कुंड्यांमागे लपवा, बुटांच्या खोक्यात टाका. पंधरा मिनिटं शोधाशोध केलेला कॉली तासभर बॉल खेळलेल्या कॉलीपेक्षा शांत झोपतो, करून बघा.

मग सतरंजी. एक ठरावीक सतरंजी घ्या, तुम्ही काम करता तिथे घाला. त्याला वर बसवा आणि गप्प राहा. तो नुसता बसला तर काही नाही. एका कुल्ल्यावर कलला, एक दाणा. हनुवटी टेकवली, दोन दाणे, तेही तोंडात नाही, सतरंजीवर हळूच ठेवायचे. पहिल्या दिवशी दोन मिनिटं जमलं तरी खूप. महिन्याभरात अख्खी भाजी निवडून होईपर्यंत तो पडून राहील. उठवताना शब्द वापरा, सोडताना शब्द वापरा, आणि शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा. सासूबाईंना हे काम द्या. त्यांची बैठक आपल्यापेक्षा पक्की असते.

मुलीचं : ती आणि मिलो आता काही महिने मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र नकोत. मधे लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावा. तिला ‘झाड’ शिकवा. मिलो मागे आला की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाड व्हायचं. न पळणाऱ्या मेंढीत त्याला रस उरत नाही. आणि तुम्ही त्याचं अंग वाचायला शिका. डोकं खांद्याच्या खाली गेलं, एक पुढचा पाय अधांतरी थबकला, शेपूट खाली, डोळ्याची पापणी लवत नाही. तो क्षण तुमचा. तेव्हा हाक मारली तर तो वळतो. सुटल्यावर कान बंद होतात, मग नुसता घसा बसतो.

स्कूटरला हेच, फक्त अंतर जास्त. पार्किंगमध्ये नको, सोसायटीच्या मैदानाच्या पार टोकाला उभं राहून सुरुवात करा. स्कूटर दिसली आणि तो तुमच्याकडे वळून पाहू लागला की खाऊ. रोज चार पावलं पुढे. रस्त्यालगत पट्टा सोडायचा नाही, कितीही शहाणा झाला तरी. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा चावे वाढले, रक्त आलं, तर मात्र वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्याकडेच जा.

मुळशीचं शेत ही आपल्याकडची आवडती कल्पना आहे. शेतावर मोकळा राहील, आनंदात राहील. प्रत्यक्षात तिथे मेंढ्या नसतात, राखणदाराकडे वेळ नसतो, पंधरा दिवसांत तो ट्रॅक्टरमागे धावू लागतो आणि सोळाव्या दिवशी साखळी येते. नवऱ्याला सांगा, सोडून यायचंच असेल तर तो बॉल सोडून या.

प्रश्न : आमच्या कॉलीचे केस लांब आणि दाट आहेत. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. दुकानवाला म्हणतो झिरो मशीन मारा, मोकळा होईल. मारू का?
(सौ. म., नागपूर)

उत्तर : मारू नका. आपण घामाने थंड होतो म्हणून आपल्याला वाटतं की कपडे कमी तितकं बरं. कुत्र्याला घाम येतो तो पायाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. तो थंड होतो धापा टाकून. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब राठ केस उन्हाची तिरीप थेट कातडीवर येऊ देत नाहीत, खालची लोकर थंडीसाठी. वर गच्चीवर पत्रा टाकला की खालची खोली थोडी निवते, तसं समजा. झिरो मशीनने पत्राही जातो आणि कातडी भाजते. शिवाय या जातींत कापलेले केस नीट परत येतीलच असं नाही. कुठे लोकर येते, कुठे टक्कल राहतं, कधी वर्ष-दीड वर्ष.

उन्हाळ्यात त्रास देते ती न निघालेली मेलेली लोकर. ती काढायची. मार्च आला की टिकलीला मी आठवड्यातून तीनदा गच्चीवर बसवते. केसांचा पट्टा हाताने वर धरायचा, खालची कातडी दिसली पाहिजे, तिथपासून टोकापर्यंत दातेरी रेकने ओढायचं, मग पुढचा पट्टा. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वरून कुत्रा चकचकीत दिसतो आणि आत नमदा तयार होतो. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागच्या ‘धोतरात’ गाठी आधी बसतात. गाठ कात्रीने कापू नका. तिथली कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि घरच्या कात्रीने कातडीच कापली गेली म्हणून टाके घालायला महिन्याला एक तरी कुत्रं माझ्याकडे येतं. गाठीत थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी फोडा, मग कंगवा. पोटाखालचे आणि पंजाच्या बोटांमधले केस आखूड केलेत तर हरकत नाही. फरशीची थंडी पोटाला लागते.

बाकी तुमच्याकडे कूलर आहे, ते तुमचं भाग्य. कोरड्या हवेत तो कुत्र्यालाही उत्तम. आमच्या कोकणातल्या माहेरी त्याचा काडीचा उपयोग नाही. फिरवणं पहाटे साडेसहाच्या आत आटपा आणि रात्री डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली तरच निघा. धापा थांबत नाहीत, जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटतात असं दिसलं तर गाडी काढायच्या आधी नळीने अंगावर पाणी सोडा, सगळं अंग आतपर्यंत भिजू दे, पंखा लावा, आणि मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो.

पावसाळा संपला की वेगळी पीडा. टेकडीवर कुसळ पिकलेलं असतं. ते लांब केसांतून बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतं, आणि मग पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. आघाड्याच्या बिया निदान दिसतात तरी. फिरून आल्यावर बोटांच्या फटी आणि कान चाचपणं हे चहाच्या आधीचं काम.

प्रश्न : आम्ही दोघंही आयटीत, सकाळी नऊ ते रात्री आठ घराबाहेर. २ बीएचके. बॉर्डर कॉली सगळ्यात हुशार असतो असं वाचलं, म्हणून घ्यायचा विचार आहे. घ्यावा का?
(ठाणे)

उत्तर : नको.

प्रश्न : डॉक्टर, आमचा लांब केसांचा रफ कॉली चार वर्षांचा. खरूज आणि गोचीड झाली म्हणून गावातल्या एका गृहस्थांनी गुरांना देतात तेच इंजेक्शन त्याला दिलं. रात्री तो झिंगल्यासारखा चालू लागला, लाळ गळू लागली, भिंतीला धडकायचा. दुसऱ्या दिवशी उठेना. दवाखान्यात नऊ दिवस सलाइनवर होता, वाचला. पण शेजारच्या कुत्र्याला तेच इंजेक्शन दिलं तर त्याला काहीच झालं नाही. असं का? आणि गोचिडांचं आता काय करू?
(कोल्हापूर)

उत्तर : वाचला हे ऐकून बरं वाटलं. नऊ दिवस धीर धरलात म्हणून वाचला. पुष्कळ लोक दुसऱ्याच दिवशी हात टेकतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते आयव्हरमेक्टिन हे जंत-खरजेवरचं औषध असावं. शेजारच्या कुत्र्याला काही झालं नाही यामागे एका जनुकाची गोष्ट आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दारात एक प्रथिन पहारा देत असतं. काही औषधं आत शिरली की ते त्यांना उचलून परत बाहेर टाकतं. या पहारेकऱ्याचा नकाशा ज्या जनुकात असतो त्याला एमडीआर-१ म्हणतात. त्यातली चार अक्षरं गळाली की पहारेकरी अर्धवट बनतो आणि औषध मेंदूत साचत जातं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २००१ मध्ये हा दोष सापडला. रफ कॉलींत हा फारच पसरलेला आहे, अमेरिकेत तर दहातल्या सुमारे सात कॉलींत त्याची निदान एक तरी प्रत आढळते. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांच्या आसपास. बॉर्डर कॉलीत मात्र शंभरात पाचांहूनही कमी. म्हणजे नावात कॉली आहे म्हणून सगळे सारखे नाहीत, पण डॉक्टरांनी विचारायला तर हवं.

मात्रेचा फरकही समजून घ्या. हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून हे औषध महिन्यातून एकदा वजनाच्या दर किलोला ६ मायक्रोग्रॅम देतात. ते दोष असलेल्या कॉलीलाही चालतं. खरजेला देतात ती मात्रा २०० ते ६००. दोन प्रती सदोष असलेल्या कुत्र्याला १०० च्या पुढेच धोका सुरू होतो. गुरांचं इंजेक्शन गुरांच्या वजनासाठी बनवलेलं, दोन थेंब इकडेतिकडे झाले की संपलं.

घरच्या औषधांच्या डब्यातलं आणखी एक नाव लिहून फ्रिजवर लावा : लोपरामाइड. जुलाब झाले की माणसं घेतात ती गोळी. हाच पहारेकरी तिलाही अडवतो, म्हणून तुमच्या कुत्र्याला ती विषासारखी. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर ‘एमडीआर-१ चा संशय आहे’ असं आधीच सांगा, एसप्रोमाझीनसारखी गुंगीची औषधं कमी मात्रेत द्यावी लागतात. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर या जनुकाची तपासणी होते, ती एकदा करून घ्यावी असं मी सुचवेन. तुमच्या कुत्र्याचं उत्तर जवळजवळ मिळालेलंच आहे, पण त्याची भावंडं आणि पिल्लं कुणाकडे असतील तर त्यांच्यासाठी.

गोचीड आणि खरूज, दोन्हींवर आता आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या आहेत, आणि त्या हा दोष असलेल्या कुत्र्यांना चालतात. फिटचा इतिहास असेल तर मात्र आधी विचारायचं. पण नुसती गोळी देऊन भागत नाही. आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात, पडद्याच्या चुणीत बसते, आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून भेगा सिमेंटने बुजवा, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. आणि तो मलूल दिसला, जेवला नाही, नाकातून रक्त आलं तर गोचिडतापासाठी रक्त तपासा, प्लेटलेट किती ते बघायला सांगा.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्याकडे बॉर्डर कॉली आहे, नाव चिंगी. ती खेळण्यांची नावं शिकेल का? दादा तिला लेझरचा लाल ठिपका पकडायला लावतो, तिला फार आवडतं.
(नाशिक)

उत्तर : शिकेल की! अमेरिकेत साउथ कॅरोलिनात चेसर नावाची बॉर्डर कॉली होती. जॉन पिली नावाचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रोज चार-पाच तास तिच्याबरोबर बसायचे. तीन वर्षांत ती १०२२ खेळण्यांची नावं शिकली. तुला शाळा आहे, तू दहापासून सुरुवात कर. आधी एकच वस्तू. मोजा घे, तिच्यासमोर धर, ‘मोजा’ म्हण, तिने तोंडात धरला की शाबासकी. चार दिवस फक्त मोजा. मग लाटणं आण. आता दोन्ही जमिनीवर ठेव आणि ‘मोजा’ माग. चुकली तर रागवायचं नाही, नाव पुन्हा सांगायचं, बस्स. आमची टिकली चौतीस वस्तू ओळखते, पण ‘रिमोट’ म्हटलं की चष्मा आणते. दोन्ही सोफ्यातच सापडतात, तिचंही चूक नाही.

दादाला मात्र माझा निरोप दे. लेझर आजच बंद. चिंगीला ते आवडत नाहीये, ती त्यात अडकते आहे. ठिपका कधीच हाती लागत नाही, त्यामुळे तिच्या डोक्यातला पाठलाग संपतच नाही. मग ती घड्याळाच्या काचेवरून भिंतीवर पडलेला कवडसा, पंख्याची सावली, काहीही पकडायला लागते. माझ्याकडे अशी कुत्री येतात, तासन् तास भिंतीकडे बघत उभी. दादाने ऐकलं नाही तर हे पान आईला दाखव.

प्रश्न : मॅडम, आमचा मेंढरांचा धंदा, माण तालुक्यात. दीडशे मेंढरं. दिवाळीनंतर वडील आणि चुलते घाट उतरून कोकणात जातात. मोबाइलवर बघतो, फॉरेनला एकच कुत्रा शंभर मेंढरं आणतो. आमचा खंड्या नुसता वाड्याशी बसून भुंकतो. असा कॉली कुत्रा घेतला तर आमचं काम हलकं होईल का?
(सातारा जिल्हा)

उत्तर : आजच्या पिशवीतलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र, म्हणून शेवटी ठेवलं.

तुम्ही मोबाइलवर बघता त्या टेकड्यांवर लांडगा शतकानुशतकं नाही. ब्रिटनमधले लांडगे कधीच संपले. म्हणून तिथल्या मेंढपाळाला राखण्यापेक्षा गोळा करणारा कुत्रा लागतो. मेंढरं डोंगरभर मोकळी सोडलेली, माणूस एकटा. तुमच्याकडे उलट. मेंढरांच्या पुढे एक माणूस, मागे एक माणूस, रात्री जाळीच्या वाड्यात सगळी बंद, आणि माळावर लांडगा अजून आहे. म्हणून तुमच्या खंड्याचं तोंड रानाकडे आणि कॉलीचं तोंड मेंढरांकडे. खंड्या कोकरांत वाढलेला, मेंढरं त्याला भीत नाहीत, त्याच्या अंगावरून जातात. कॉलीचं सगळं काम त्या भीतीवरच चालतं. तो नजर लावतो, मेंढरू दबतं आणि हलतं. तुमची मेंढरं लांडग्याला ओळखतात. डोकं खाली घालून दबकत येणारं जनावर बघून ती काय करतील हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि खंड्या त्या पाहुण्याला पहिल्याच रात्री फाडायला धावेल.

जमणारच नाही असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात उष्ण प्रदेशात मेंढरं राखायला केल्पी ही आखूड केसांची जात कॉलीपासूनच निघाली. पण कुत्रा तयार व्हायला दोन वर्षं, शिकवणारा माणूस हवा, कुंपणाचं रान हवं, आणि मेंढरांनाही कुत्र्याची सवय लावावी लागते. शहरातल्या दुकानातून हजारो रुपयांना मिळणारं पिल्लू पिढ्यान् पिढ्या सोफ्यावर निजलेल्यांचं असतं. मे महिन्यात कोकणातल्या दमट उकाड्यात ते लांब केसांचं पिल्लू तुमच्या बिऱ्हाडामागे कितपत चालेल?

तरीही कुणी शहरातला पाहुणा कॉली घेऊन वाड्यावर आलाच, तर एक लक्षात ठेवा. मेंढरांना जंताचं औषध दिलं असेल तर त्या कुत्र्याला वाड्यात फिरकू देऊ नका. त्यातल्या काही औषधांत आयव्हरमेक्टिन असतं, ते लेंडीतून बाहेर पडतं, कॉलीला लेंड्या खायची वाईट खोड असते, आणि वर कोल्हापूरकरांची गोष्ट तुम्ही वाचलीच आहे.

खंड्याला रेबीजची लस झाली आहे का, ते लिहिलं नाहीत. लांडग्याशी आणि वाटेवरच्या गावागावातल्या कुत्र्यांशी झटणाऱ्याला ती दरवर्षी हवी. कोकणात उतरण्याच्या महिनाभर आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. तो कधी दवाखान्यात गेला नसेल तर गर्दीत बुजेल, म्हणून सकाळी लवकर जा आणि वडिलांना बरोबर न्या. तो त्यांचं ऐकत असणार.